न फवारलेला वाफा

मी एक जुना गवताचा वाफा आहे, आणि मित्रांनो, दर ऑगस्टमध्ये माझा ठरवून खून होतो. केंटकीतल्या विद्यापीठाच्या शेतावर माझ्यासारखे पुष्कळ वाफे आहेत. इतरांवर वेगवेगळी औषधं फवारतात. माझ्यावर आणि शेतात विखुरलेल्या माझ्या तीन भावांवर काहीच नाही. आम्ही मेलो, तरच कळतं की शेजारचे औषधामुळे जगले.

सप्टेंबरात माझी माती फाडतात, राय गवताचं बी पेरतात, वरून रूळ फिरवतात. हिवाळ्यात बर्फाखाली श्वास कोंडतो. वसंतात मी असा दाट येतो की पाहुणे वाकून तळवा फिरवतात. मग यंत्राची पाती येऊन माझ्या मुंड्या छाटत राहतात. एवढं सोसून उन्हाळा गाठावा, तर तिथे करपा टपलेला असतो.

तुमच्याकडे भातावर बुरशीचा करपा पडतो ना, त्याचाच हा सख्खा भाऊ. माणसं मुद्दाम तो माझ्यावर शिंपडतात आणि वर प्लास्टिक अंथरतात, म्हणजे ऊब आणि ओल सुटू नये. तो दवाच्या थेंबात रुजतो, पानाला चिकटतो, भोक पाडून आत घुसतो आणि आतून खात सुटतो. पानांची टोकं गळासारखी पिळवटतात. आठवड्याभरात मी उकडलेल्या पाल्यासारखा लिबलिबीत होऊन पडतो. हा प्रयोग चालवणाऱ्या डॉ. लोरेन हॅस्केट गुडघ्यांवर बसून शंभरातला किती मेला ते पाहतात. माझ्या प्रेताचे फोटो सभांमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि लोक वाहवा करतात. जिवंतपणी माझा फोटो कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

एका उन्हाळ्यात डुएन प्रुइट शेतावर कामाला लागला. आधी तो आपल्या मेव्हण्याच्या, व्हर्ननच्या हाताखाली एका गोल्फ मैदानावर होता. त्या मैदानाची करप्याने आदल्या वर्षी कत्तल केली, ती डुएनने डोळ्यांनी पाहिली होती. तिथलाच करपा लोरेनबाईंनी आणून वाढवला होता. व्हर्ननचं नेहमीचं जुनं औषध त्याला अजून आवरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. मालकाने व्हर्ननला बजावलं होतं, यंदा गवत गेलं तर तूही जा.

फवारणीच्या सकाळी डुएनच्या टाकीत नवं औषध थोडं उरलं. तो माझ्यापाशी घुटमळला.

"तुम्ही तेवढे उघडे राहिलात होय रे?" तो म्हणाला. "कुत्र्यालाही कोणी असं मरायला ठेवत नाही."

आणि गुपचूप आम्हा चौघांवर त्याने पंप मारला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण त्याच मायेने घात केला.

संध्याकाळी करपा सोडला. तो माझ्या अंगावर बसला आणि तिथेच मेला. शेजारच्या, जुन्या औषधाच्या वाफ्याचं मात्र त्याने मढं केलं. त्याच्या सडण्याचा वास घेत मी हिरवा उभा होतो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच मी ऑगस्ट सरलेला बघणार होतो.

लोरेनबाई तेव्हा परिषदेला गेल्या होत्या, त्या परतल्या थेट शेत बघायला पाहुणे येतात त्या दिवशी. झाडाखाली बर्गूचा हंडा रटरटत होता. मटण-मक्याचा तो रस्सा भुरकत लोक वाफे बघत फिरत होते. व्हर्नन माझ्यापुढे थांबला. त्याने माझी पाटी वाचली आणि शेजारी आपल्याच औषधाची पाटी लावलेलं मढं पाहिलं.

"बाई, हा न फवारलेला?"

"हो," लोरेनबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"आणि फवारलेला तो मेला. म्हणजे मीच औषध मारमारून मैदान जाळलं होय? बास. आता पंपाला हात लावणार नाही."

"थांबा, यात काहीतरी चुकतंय. मला एक दिवस द्या."

"एक दिवस कुठून आणू? आज सकाळीच माझ्याकडे टोकं पिळवटलेली दिसलीत."

डुएन वाडगं धरून मागे उभा होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"व्हर्नन, फवारणी थांबवू नकोस," तो म्हणाला. "हा वाफा खोटा आहे. मी याच्यावर नवं औषध मारलंय. चौघांवरही."

"का?"

"बघवत नव्हतं रे."

व्हर्ननची मूठ त्याच्या जबड्यावर बसली. डुएन माझ्यावर आडवा झाला. कढत रश्श्याने माझी पानं भाजली आणि वर त्याच्या ओठाचं रक्त सांडलं. व्हर्ननने त्याला कॉलर धरून उचललं आणि पुन्हा हाणलं.

"माझ्या बहिणीचा नवरा म्हणवतोस, आणि माझ्याच पोटावर पाय देतोस?"

लोरेनबाई दोघांच्या मधे घुसल्या. "पुरे. मारायचंच असेल तर करप्याला मारा. जुन्या औषधात दम उरला नाही, हे मढं समोर आहे. नवं चालतं. जा, अंधार पडायच्या आत फवारा." मग त्या डुएनकडे वळल्या. "माझा सगळा प्रयोग पाण्यात घातलास. उद्या वेळेवर ये."

व्हर्ननचं अर्धं मैदान वाचलं आणि नोकरीही, असं पुढे डुएनच सांगत होता. मी ऑगस्ट सरलेला पाहिला. पण हिरवागार असतानाच मला नांगराने उलथून टाकलं, कारण खोट्या वाफ्याचा कुणाला काय उपयोग?

पुढच्या ऑगस्टमध्ये बाईंनी करप्याचा पंप डुएनच्याच हाती दिला. "या वेळी नाही, गड्या," तो म्हणाला आणि त्याने मला नखशिखांत भिजवलं. मग रोज सकाळी तो माझ्याजवळ बसायचा, मी पूर्ण सडेपर्यंत.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल, तर दया आली म्हणून खरं झाकू नका. औषधाचा पंप खाली ठेवा. आणि मी मरत असेन, तेव्हा तोंड फिरवू नका.