माझ्या तारा कोणी फिरवल्या

मित्रांनो, मी एक गिटार आहे. जुनी म्हणवून घ्यायला मला अजून अवकाश आहे, चारच वर्षं झाली आहेत मला. पण मी फार रागावलेली आहे आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय हा राग उतरायचा नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म सावर्ड्याला धोंडूकाकांच्या पडवीत झाला. धोंडूकाका आधी भजनी मंडळांच्या पेट्या आणि पखवाज दुरुस्त करायचे. एकदा कुणाची तरी मोडकी गिटार त्यांच्याकडे आली, ती त्यांनी उघडून पाहिली आणि त्यांना त्या कामाचं वेडच लागलं. माझी पाठ आणि कुशी त्यांनी फणसाच्या लाकडाच्या केल्या. ते लाकूड चुलीवरच्या माळ्यावर तीन वर्षं सुकत पडलं होतं. तोंडाची फळी मात्र देवदाराची आहे.

मला घडवायला दीड वर्ष लागलं, ते अक्षयामुळे. अक्षया रत्नागिरीची. मुलांना गिटार शिकवते, कार्यक्रमांत वाजवते. ती डावखुरी आहे आणि दुकानात मिळतात त्या गिटारी उजव्या हाताच्या. त्याच उलट्या धरून तिने दहा वर्षं काढली होती.

"मला माझ्या हाताची गिटार हवी, काका," ती म्हणाली.

"मग नुसत्या तारा फिरवून भागायचं नाय गो. आतलं समदं फिरवायला लागंल."

आमच्या पोटात लाकडाच्या बारीक पट्ट्या असतात. जाड तारांच्या बाजूला त्या एका तऱ्हेने बसवतात, बारीक तारांच्या बाजूला दुसऱ्या. खाली तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तीही मुद्दाम जराशी तिरकी असते, नाहीतर वरचे सूर चुकतात. माझं हे सगळं काकांनी आरशात दिसावं तसं उलटं केलं. दर रविवारी अक्षया सकाळच्या एसटीने यायची. काका फळी रंधायचे, बोटाने टकटक वाजवून तिच्या कानाशी धरायचे.

"अजून बद्द वाटतंय, काका."

"बद्द? बरं." की पुन्हा रंधा हातात. काकांच्या पत्नी सगुणाकाकी चहा ठेवून म्हणायच्या, "येवढा येळ तर आमच्या घराला पन लागला नव्हता."

पहिल्यांदा अक्षयाने मला मांडीवर घेतलं, तेव्हा तिला कुठेही अवघडून बसावं लागलं नाही. वाजवता वाजवता तिला रडू आलं. पुढे संगमेश्वर, अलोरे, कुठे कुठे आम्ही फिरलो. लोक विचारायचे, ही कुठून मागवली? ती ताठ मानेने सांगायची, सावर्ड्याहून.

आता अण्णा आले, म्हणजे माझा राग आला. अण्णा म्हणजे अक्षयाचे वडील गोपाळकृष्ण, निवृत्त मुख्याध्यापक. गावात त्यांना मोठा मान. याच अण्णांनी लहानपणी पट्टीचे फटके देऊन अक्षयाचं लिहिणं उजव्या हातावर आणलं होतं. गिटारपुढे मात्र त्यांचं काही चाललं नव्हतं.

गेल्या दसऱ्याला अक्षयाच्या घरच्याच क्लासमध्ये वाद्यांची पूजा ठरली. वीस-पंचवीस पाहुणे, धोंडूकाकांनाही आग्रहाचं बोलावणं. आदल्या संध्याकाळी अक्षया झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली आणि अण्णांनी मला खाली घेतलं. "देवीपुढे डावं वाद्य ठेवायचं नाही," असं पुटपुटत त्यांनी माझ्या तारा काढल्या आणि उलट क्रमाने लावल्या. माझ्या मानेवर हाडाची एक पट्टी आहे, तिच्यात प्रत्येक तारेची खाच वेगळी. जाड तार बारीक खाचेत बसेना. तेव्हा या शिकल्यासवरल्या माणसाने कानस आणली आणि खाच घासून मोठी केली! काकांनी ते हाड आठ दिवस खपून बसवलं होतं हो!

सकाळी पाहुणे जमल्यावर अक्षयाने मला उचललं आणि तारा फिरवल्याचं एका नजरेत ओळखलं. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेईल.

"अण्णा, हे..."

"उजव्या हाताने वाजव. सणाचा दिवस आहे."

आणि ती निमूटपणे बसली! चाचपडत वाजवू लागली. तिरकी पट्टी उलट पडलेली, त्यामुळे माझे वरचे सूर साफ चुकत होते. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग अण्णांनी हसून सारवासारव केली, "सुतारकाम हो ते! पाट-चौरंग करणाऱ्याला सुरातलं काय कळणार?"

धोंडूकाका दाराशीच बसले होते. अक्षयाने मान खाली घातली. खरं सांगते, त्या क्षणी मला अण्णांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

काका उठले. कुणाला न विचारता त्यांनी मला हातात घेतलं आणि घासलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, हे मी नाय केलंय. कुनी केलंन ते तुमच्या लेकीला म्हाईत हाय." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माझं नाव गेलं तर जाऊ दे गो. पन हिचं काय चुकलं? तू बोल की."

अक्षयाने मान वर केली.

"तारा तुम्ही फिरवल्यात, अण्णा," अक्षया अखेर म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल. मग ती मोठ्याने म्हणाली, "काकांची काही चूक नाही. आणि माझ्या हाताचीही नाही."

"पाहुण्यांसमोर बोलतेस?"

"काकांचा अपमान पाहुण्यांसमोरच केलात ना?"

अण्णा उठून आत गेले. अक्षयाने कपाटातून नव्या तारांचा संच काढला आणि तिथेच सगळ्या तारा काढून पुन्हा लावायला घेतल्या. अर्धा तास गेला. काही पाहुणे प्रसाद घेऊन निघून गेले. मग तिने मला डाव्या हाताने वाजवलं. मोठ्या झालेल्या खाचेत बारीक तार किरकिरत होती, तरी ती थांबली नाही. दिवाळीनंतर काकांनी नवं हाड बसवून दिलं.

अण्णांनी काकांची माफी अजून मागितलेली नाही. ते समोरून जातात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, मला पुसत जा, ओल लागू देऊ नका, असं काही मी सांगणार नाही. तुमच्या वर्गात कुणी डाव्या हाताने लिहीत असेल आणि कुणी मोठं माणूस त्याची पेन्सिल काढून उजव्या हातात देत असेल, तर मान खाली घालू नका. त्या दिवशी मी काही बोलू शकले नाही, कारण कुणी वाजवल्याशिवाय मला आवाज नाही. तुम्हाला आहे.