चाकातली हवा

“अरे, बाळ दुपारपासून हललेलंच नाहीये.”

बायको हे इतक्या हळू म्हणाली, की मी गमतीत बोलून गेलो, “झोपलं असेल. बापावर गेलंय.” मग टॉर्चच्या उजेडात तिचा चेहरा दिसला आणि माझं हसू ओठावरच वाळलं.

तोवर सगळं दृष्ट लागावं असं चाललं होतं. सातवा महिना, डॉक्टरीणबाईंची परवानगी, घरची गाडी आणि कुणालाच घाई नाही. सावली दिसली की थांबायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा. “बाळ आलं की मला आभाळ फक्त खिडकीएवढंच दिसणार,” असं बायको म्हणायची, म्हणून आम्ही वाळवंटात तारे बघायला निघालो होतो. मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मोबाइलवर दिवसभर कीर्तन. बुवांनी आख्यान रंगवलं की त्या गाडीतच मान डोलवायच्या आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचो.

संध्याकाळी डांबरी रस्ता संपून वाळू लागली, तेव्हा मी खाली उतरलो आणि चारही टायरची हवा बत्तीसवरून अठरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूत रुतत नाही. माझं टायरचंच दुकान आहे. हे काम माझे हात मला न विचारताच करतात.

“जावईबापू, लोकांच्या चाकांत हवा भरून पोट भरता, आणि स्वतःच्या चाकातली सोडून देता?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, निघताना परत भरतो. पंप आहे ना!”

त्यानंतर गादी अंथरली, सासूबाईंची घडीची खुर्ची मांडली. डोक्यावर इतके तारे, की देवाने मूठ उघडून सांडलेच असावेत. बायको गादीवर आडवी होऊन एकेक बोटाने दाखवत होती. बोलता बोलता तिचं बोट थांबलं, हात पोटावर आला आणि ती ते वाक्य बोलली.

सासूबाई खुर्चीतून उठल्या त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने. “आधी डाव्या कुशीवर वळ. पाणी पी. तुम्ही काय बघत उभे राहिलात? ती गोळ्यांची पुडी द्या, काहीतरी गोड जाऊ दे पोटात.” त्यांनी लेकीच्या पोटावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. बुवा अभंगाच्या ऐन मध्यावर टाळ थांबवतात आणि सगळी सभा श्वास धरून बसते, तशी ती शांतता होती. फरक एवढाच, की इथे पुढची ओळ येईना.

“जेवण झालं की रोज नुसता दंगा घालतं गं,” बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही. मोबाइलला रेंज नव्हती. येताना पाहिलेला दवाखाना चाळीस किलोमीटर मागे. आम्ही गादी तिथेच टाकली, बायकोला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं आणि वाळू ओलांडून डांबरी रस्त्यावर आलो. आता हवा भरायची म्हणून मी डिकी उघडली.

पंप नव्हता.

तो कुठे आहे, ते मला त्याच क्षणी दिसलं. घरी, चपलांच्या कपाटाशेजारी. सकाळी खुर्ची बसेना म्हणून मीच तो बाहेर काढून ठेवला होता. ‘नंतर कुठेतरी सरकवू’ म्हणालो होतो.

एवढ्या कमी हवेवर गाडी पळवली तर टायर तापतो, रिमची कड सोडतो, फुटतो. हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. स्टेपनी एकच.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

सांगितलं. शिव्या खाण्याची तयारी होती माझी. त्या म्हणाल्या, “‘हे डबडं काढा, माझी खुर्ची बसवा’ असं मीच तर म्हटलं होतं.”

“कुणाची चूक ते नंतर ठरवा दोघं,” बायको आतून ओरडली. “आधी गाडी काढ!”

तीसच्या वेगाने निघालो. पाय ॲक्सिलरेटरवर दाबावासा वाटायचा आणि दाबता येत नव्हता. असं हळू चालणं मी आयुष्यात भोगलेलं नाही. मागून सासूबाईंचं नामस्मरण, आणि मध्येमध्ये माझा प्रश्न, “हललं?” दर वेळी बायकोचं तेच, “नाही.”

वीसेक किलोमीटरवर गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून टायरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. “दहा मिनिटं थांबावंच लागेल,” मी म्हणालो. एवढं एक वाक्य म्हणताना आपल्या लेकराला आपणच थांबवतोय, असं वाटलं.

इंजिन बंद केलं. बायकोजवळ जाऊन बसलो. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला; टायरची ऊब अजून तळव्यात होती.

धप्प.

आम्ही दोघंही दचकलो. मग पुन्हा, त्याच जागी, आतून दार ठोठावल्यासारखं.

“आई!” बायको किंचाळली.

सासूबाईंनी हात ठेवला, लाथ खाल्ली आणि घळाघळा रडू लागल्या. मी मात्र पोटावरचा हात न काढता पुढच्या लाथेची वाट बघत बसलो.

“जावईबापू, चाकं निवली की चला,” त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “लाथ मारली म्हणून दवाखाना चुकत नाही.”

दवाखान्यात पोटाला यंत्र लावलं आणि खोलीभर घोडा दौडल्यासारखा आवाज घुमला. “छान चाललंय. रात्रभर इथेच राहा, सकाळी पुन्हा बघू,” डॉक्टर म्हणाले. बायकोने सुस्कारा टाकून डोळे मिटले. सासूबाई त्या ठेक्यावर हलकेच मान डोलवू लागल्या.

मी बाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिलो. चारही चाकं बसकी, थकलेली. वर तेच तारे होते. मी हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. मागायचं होतं ते आत दौडत होतं.