भट्टी विझल्यानंतरचा नाताळ

ऑगस्टमध्ये लॉरेन्स तुस्कानोला निर्मळच्या आपल्या बेकरीची भट्टी विझवावी लागली. लाकडाच्या धुराने त्याची छाती धरली होती. पावाची एक लादी उचलून ठेवली की मैद्याच्या पोत्यावर बसावं लागे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "घरच्या गॅसपाशी हवं तर उभे राहा. भट्टीपाशी नाही. धूर आता पुन्हा नको."

बापाच्या हयातीपासून ती भट्टी पेटती होती. नाताळ जवळ आला की गावातल्या बायका केकचं मिश्रण भांड्यात घालून घेऊन येत आणि लॉरेन्स पाव निघाल्यावर निवत्या भट्टीत ती भांडी लावून देई. कोणाचा केक कधी काढायचा हे त्याला नुसत्या वासावरून कळे. यंदा नोव्हेंबर लागला तसे लोक विचारायला येऊ लागले. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसे आणि कोणी फाटक उघडायच्या आतच हात हलवून नाही म्हणे.

त्याची बायको लुसी घरात नाताळचं गोड करी. गुळाचा दोदोल, दूध आटवून केलेलं मिल्क क्रीम, पेरूच्या वड्या. सगळं गॅसवर, ओव्हनचं काम नाही. ते शेजारीपाजारी वाटलं जाई आणि संपून जाई. लॉरेन्स त्याला खाऊ म्हणायचा. नाताळचा पदार्थ म्हणजे भट्टीतून निघालेला, असं त्याचं पक्कं मत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी विरार पूर्वेच्या चंदनसारहून हंसा शाह स्कूटरवर आली. ती बऱ्याच वर्षांची गिऱ्हाईक. खारी आणि टोस्ट न्यायला मुद्दाम इतक्या लांब यायची.

"अंकल, आमच्या सोसायटीचं गेट-टुगेदर आहे, नाताळच्या आदल्या रविवारी," ती म्हणाली. "स्टार्टर आणि डेझर्ट तुमच्याकडूनच पाहिजे. केकपण."

"भट्टी बंद आहे, हंसाबेन."

"ते कळलं मला. पण बिना ओव्हनचं काही असेल ना? आणि एक आहे, अर्धी बिल्डिंग अंडं खात नाही. तर अंडंपण नको."

लॉरेन्स हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ओव्हन नाही, अंडं नाही. मग केक कशाचा करू? हवेचा?"

आतून लुसी हात पुसत ओट्यावर आली. "होईल," ती हंसाला म्हणाली. "गोड होईल आणि तिखटही होईल. कोनफळ चालेल ना तुमच्याकडे?"

"कंद? अहो, पळेल." हंसा खूश झाली आणि लॉरेन्सकडे न बघता स्कूटरला किक मारून गेली.

तिची स्कूटर वळणाआड गेली. मग लॉरेन्स म्हणाला, "मला न विचारता कशाला हो म्हणालीस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," लुसी म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी लुसीने दोदोलचा नमुना करायला घेतला. तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचं दूध मोठ्या कढईत घालून ती ढवळत बसली. दोदोल सोपा, फक्त हात थांबवायचा नाही. अर्ध्यावर तिचं मनगट भरून आलं. ती हात बदलत होती, थांबत होती, पुन्हा ढवळत होती. लॉरेन्स दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने तिच्या हातातून उलथनं घेतलं.

त्याला कढई संथ वाटली. आयुष्यभर ज्याने आगीला हुकूम केला त्याला हा निळा जाळ म्हणजे पोरखेळ वाटला. लुसी नारळ खवायला वळली तेवढ्यात त्याने गॅस मोठा केला. थोड्याच वेळात खालून करपल्याचा वास आला आणि सबंध कढई वाया गेली.

लुसी रागावली नाही. तिने कढई पाण्यात भिजत घातली आणि दुसरी काढली. "भट्टीत तू दार लावून घेतोस आणि जाळ त्याचं काम करतो," ती म्हणाली. "इथे दार नाही. इथे तूच उभं राहायचं."

दुसऱ्यांदा त्याने गॅस बारीक ठेवला. दोदोल कढईची कड सोडून गोळा होऊ लागला, त्यावर तुपाळ चकाकी आली, तेव्हा लॉरेन्सने मान वर केली. छाती दुखत नव्हती. उकडत होतं, पण दम लागला नव्हता. इतका वेळ उभं राहून काम केल्याला किती महिने झाले, ते त्याला आठवेना.

त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात येऊ लागला. उकडून किसलेल्या कोनफळाच्या टिक्क्या तो तव्यावर परते, त्या सगळ्या एका मापाच्या होत. हिरवी चटणी, बीट आणि चीज लावलेली थरांची सँडविचं तो अशी कापे की एकाही तुकड्याची कड दबत नसे. लुसीला हे काम कधीच एवढं जमलं नव्हतं, आणि तिने ते त्याला सांगितलंही.

मग त्याच्या डोक्यात केक शिरला.

लुसीच्या बहिणीकडे सुकेळी होती, उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. लॉरेन्सने ती बारीक चिरली. दही रात्रभर फडक्यात टांगून त्याचा घट्ट चक्का केला, थोडी साखर आणि वेलची घातली. पावाच्या एका पत्र्याच्या साच्यात बिस्किटांचा चुरा, चक्का, सुकेळी, पुन्हा चुरा असे थर दाबून त्याने साचा फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी उलटा केला तर अर्धा केक साच्यालाच चिकटून राहिला आणि उरलेला ताटलीत पसरला.

लुसीने चमच्याने चाखून बघितला. "चव चांगली आहे."

"चव चांगली असून काय उपयोग? हे चिखलासारखं झालंय." त्याने खालचा थर बोटांनी चोळून पाहिला. "पाकिटातलं बिस्किट ओलीत टिकत नाही. कडक भाजलेलं पाहिजे."

चिकटण्यावर लुसीने उपाय काढला. तिने परसातून केळीचं पान आणलं, गॅसवर धरून मऊ केलं आणि साच्याच्या आतून लावलं. कडक बिस्किटांसाठी मात्र एकच जागा होती आणि तिथे जायची लॉरेन्सची इच्छा नव्हती.

भुईगावला वॉल्टर डायसची बेकरी होती. त्याने विजेचा मोठा ओव्हन घेतल्यापासून दोघांत फारसं बोलणं उरलं नव्हतं. विजेवरच्या पावाला चव नसते, असं लॉरेन्स चारचौघांत म्हणायचा आणि ते वॉल्टरपर्यंत पोचायचं. आता लॉरेन्सची निम्मी गिऱ्हाइकं वॉल्टरकडेच जात होती.

सकाळची गर्दी ओसरल्यावर लॉरेन्स तिथे गेला. वॉल्टर गल्ल्यावर होता. त्याने वर पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"बिस्किटं पाहिजेत," लॉरेन्स म्हणाला. "बिनअंड्याची, साखर कमी, दोनदा भाजलेली."

"कशाला?"

लॉरेन्सने सांगितलं. सांगताना आपण फ्रिजमधल्या केकविषयी बोलतोय याची त्याला लाज वाटत होती, पण वॉल्टर मन लावून ऐकत होता. त्याने चक्क्याला किती वेळ टांगलं ते विचारलं, थर किती जाड ते विचारलं.

"मग गव्हाचं पीठ थोडं घालतो," वॉल्टर म्हणाला. "नुसत्या मैद्यापेक्षा ते टिकेल. परवा सकाळी ये."

लॉरेन्स निघाला तेव्हा वॉल्टर पायऱ्या उतरून त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. "तुझी तब्येत विचारायला येणार होतो," तो म्हणाला. "मग वाटलं, तुला आवडायचं नाही."

"आवडलं नसतं," लॉरेन्स म्हणाला. "पण यायचं होतंस."

वॉल्टरची बिस्किटं चांगली निघाली. पुढचा केक केळीच्या पानासकट अलगद बाहेर आला. लुसीने सुरी ओली करून काप काढला. पांढरा चक्का, तपकिरी सुकेळी आणि तळाचा खरपूस थर, सगळं जागच्या जागी होतं. लॉरेन्सने तो काप बराच वेळ फिरवून फिरवून बघितला. मग दोघांनी मिळून तो खाल्ला.

रविवारी संध्याकाळी हंसाचा नवरा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर मांडीवर डबे घेऊन लुसी आणि लॉरेन्स चंदनसारला पोचले. इमारतीच्या आवारात लाल-हिरव्या पताका लावल्या होत्या, एका कोपऱ्यात मुलांनी पुठ्ठ्याचा नाताळगोठा केला होता. कोकणातली, देशावरची, गुजराती, अशी सगळ्या प्रकारची माणसं खुर्च्यांवर बसली होती.

टिक्क्या आधी संपल्या. सँडविचं मुलांनी पळवली. दोदोल चाखून एक आजी म्हणाल्या, "हे आमच्याकडच्या गुळाच्या खांटोळीसारखं लागतंय," आणि आणखी दोन तुकडे घेऊन बसल्या. केक कापायला लॉरेन्स स्वतः उभा राहिला. लोक खात होते, पुन्हा ताटली पुढे करत होते. कोणी त्याला विचारलं नाही की हा भाजलेला का नाही.

हंसा चार-पाच बायकांना घेऊन त्याच्यासमोर आली. "अंकल, ह्यांना शिकायचंय. आमच्याकडे कोणाकडेच ओव्हन नाही. जानेवारीत येऊन शिकवणार?"

लॉरेन्सने सुरी खाली ठेवली. "मला काय विचारता? मी आत्ताच शिकलोय. शिकवणारी ती आहे." त्याने लुसीकडे बोट दाखवलं.

लुसी रिकामे डबे एकात एक घालत होती. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आलेले पाहून ती गोंधळली. इतकी वर्षं तिच्या गोडाचं कौतुक शेजारच्या अंगणापलीकडे गेलं नव्हतं.

"शिकवीन," ती म्हणाली. "पण मनगटाने साथ दिली पाहिजे. दोदोल हा ढवळेल."

"ढवळीन," लॉरेन्स म्हणाला.

परतीच्या वाटेवर लुसी खिडकीबाहेर बघत होती. लॉरेन्सला वाटलं, ती दमली असेल. मग ती वळली आणि म्हणाली, "जानेवारीत कोनफळं महाग होतील. रताळं घालून पाहू या का?"

"रताळं ओलं असतं," तो म्हणाला. "आधी वाफवून थोडं वाळवावं लागेल. उद्या सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर बाजारातून आणतो."