शाळवातली काळी फीत

खिडकीजवळच्या टेबलावर करडा डबा दिसतो ना, मित्रांनो, तोच मी. कार्ड छापणारा जुना प्रिंटर. दिसायला ओबडधोबड आहे, पण या भागातल्या कितीतरी लोकांच्या खिशात माझ्या हातचं काम आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि खोक्यात बसून मी कोल्हापूरच्या एका नागरी सुविधा केंद्रात आलो. नारळ फुटला, पेढे वाटले. माझ्या वाट्याला नुसता कुंकवाचा टिळा! काम सोपं होतं. कुणी घर बदललं, की जुनं रहिवासी कार्ड घेऊन यायचं. अनुजा मॅडम संगणकात नवा पत्ता भरायच्या आणि मी नवं कार्ड छापायचो. ते हातात पडलं, की माणसं आधी फोटो बघून नाक मुरडायची. चेहरा तुमचा आणि बोल मला!

माझ्या पोटात काळी फीत असते. तिची शाई कार्डावर उतरते आणि फितीवर अक्षरांच्या जागा कोऱ्या राहतात. उजेडाकडे धरली, तर नाव, पत्ता सगळं वाचता येतं. मला हे ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण? संपलेली फीत कचऱ्यात जायची आणि तिथून शिपाई गुंडूमामा ती गावी न्यायचे. शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, भरात आला, की पाखरं तुटून पडतात. वाऱ्यावर फडफडणारी चमकती फीत बांधली, की ती बिचकतात. केंद्राच्या साहेबांनासुद्धा मामांच्या या युक्तीचं फार कौतुक होतं.

अशाच थंडीच्या दिवसांत भूमिका आली. कडेवर लेक, ओठावर सुकलेली जखम. नवरा मारायचा, म्हणून ती घर सोडून शिवाजी पेठेत खोली घेऊन राहिली होती. लेकीला जूनमध्ये शाळेत घालायचं, तर नव्या पत्त्याचं कार्ड हवं होतं. पण गुंडूमामांना बघून ती दारातच थबकली. मामा तिच्या सासरच्या गावचे.

"मामा, पाया पडते, गावात बोलू नगासा. त्येला पत्ता कळला, तर त्यो मला जित्ती ठेवायचा न्हाय."

मामांनी तिला पाणी दिलं. "जोतिबाची आण हाय, पोरी. ह्या तोंडातनं शबूद निघायचा न्हाय."

मी तिचं कार्ड छापलं. मामांनीही शब्द पाळला. घरात बायकोलासुद्धा काही सांगितलं नाही. मग एके दिवशी ती फीत संपली आणि मामांनी नेहमीसारखी पिशवीत घातली. माझा जीव कासावीस झाला. पण यंत्राला ओरडता कुठं येतं? फार तर लाल दिवा लावता येतो. तो मी लावला.

"नवी फीत मागतोय," अनुजा मॅडम म्हणाल्या.

शाळवाची काढणी सुरू झाली तेव्हा भूमिका परत आली. हात गळ्यात बांधलेला. तिने मामांपुढे फितीचा तुकडा टाकला.

"मामा, गावात तुमास्नी एकट्यालाच ठावं हुतं की! का सांगितलासा?"

"आईशप्पत, न्हाय सांगितलं, पोरी!"

"मग ह्ये काय? तुमच्या बांधावरनं तोडलं म्हणून त्यो दारात नाचवत हुता. पेठंतली पोरं धावली, तवा टाकून पळाला. न्हायतर मेलीच असते."

मामांनी तुकडा खिडकीकडे धरला. कोऱ्या अक्षरांतलं भूमिकेचं नाव आणि पेठेतला पत्ता त्यांनी बोट ठेवून वाचला.

अनुजा मॅडम हळूच म्हणाल्या, "आता दुसरीकडं राहतेस नव्हं? पत्ता सांग, लगेच कार्ड करून देते."

भूमिकेने माझ्याकडे पाहिलं. इतकं भिऊन माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नगं, मॅडम," ती म्हणाली आणि लेकीला घेऊन निघून गेली.

आता फीत संपली, की मामा ती कात्रीने बारीक कापतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कुणाचं नावगाव असलेली वस्तू टाकताना आधी उजेडाकडे धरून बघा आणि मगच तिची विल्हेवाट लावा.

भूमिका कुठे राहते हे आज मला माहीत नाही, आणि नाही तेच बरं. पण जून उलटून गेला. कार्डाशिवाय तिच्या लेकीला कुणी वर्गात बसवून घेतलं असेल का हो?