वरचा गारठा

गोव्याला जायचं तर आमच्या पेठनाक्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं, सकाळची एस.टी. धरायची आणि संध्याकाळी पणजीत उतरायचं. पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात लालासाहेबांनी गोव्याला जायला उत्तरेकडे तोंड केलं. आधी एस.टी.नं मुंबई, मग मुंबईहून विमानानं गोवा, म्हणजे परत आमच्याच डोक्यावरून. मी शाळामास्तर. नकाशा काढून त्यांच्यापुढं धरला.

"मास्तर," ते म्हणाले, "जवळचा रस्ता गरिबाचा असतोय."

लालासाहेब म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे ऊसवाले आणि साखर कारखान्याचे डायरेक्टर. सांगलीत कसल्याशा बैठकीत त्यांना कुणीतरी विचारलं होतं, "यंदा उन्हाळ्यात कुठं जाऊन आलात?" हे सरळ म्हणाले, "मळ्यात." बैठक हसली. ते हसू त्यांनी घरी आणलं आणि आठ दिवसांत विमानाची दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक बायकोचं.

खरी पंचाईत केली ती त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी. आमच्याकडे माणूस जत्रेला जातं, लग्नाला जातं, मयताला जातं. कशालाच न जाता नुसतं जायचं ही गोष्ट नवी. "जत्रंला इरकल, लग्नाला शालू, मयताला जुनेर," शालूबाई म्हणाल्या. "इमानात काय नेसायचं, ते सांगा."

गावात त्याचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता, माझा चुलतभाऊ आकाराम हवालदार.

आकारामदादा बासष्ट साली आसामात होता. लष्करात गावचे पंधरा-वीसजण होते, पण विमानात बसलेला एकटा दादा. पेन्शन बेताची, जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. तरीपण पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याची दोरी ओढायला सरपंच नाही, डायरेक्टर नाही, दादा. न्हाव्याच्या दुकानात तो आला की बाकड्यावरचे दोघं उठायचे. विमान कसं असतं हे तो वर्षातून चार-पाचदा सांगायचा, आणि दर वेळी विमान थोडं अधिक उंच जायचं.

आता खरं सांगतो. दादा विमानात कधी बसलाच नव्हता. त्याचं काम पिठाची पोती आणि डबे विमानात चढवायचं. चढवली की खाली उतरायचं. आसामातून पहिल्या रजेवर आला तेव्हा न्हाव्यानं विचारलं, "इमान बगितलंस?" दादा म्हणाला, "बगितलं." न्हावी म्हणाला, "बसलास का?" सगळं दुकान कान देऊन बसलेलं. दादाच्या तोंडून गेलं, "मंग!" तो एक शब्द तेरा वर्षं तो अंगावर वागवत होता. ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, बनुवैनीला. आणि तिनं एकदा रागाच्या भरात सांगितल्यामुळं मला. मी कुणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ आमच्याच घरातली.

लालासाहेबांनी बोलावणं धाडलं. दादा तेरा वर्षांपूर्वीची मिलिटरीची टोपी घालून गेला. विमानात चढणारे शिपाई काय घालून चढायचे हे मात्र त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तेवढं त्यानं खरंच सांगितलं.

"वर लय गारठा असतोय, लालासाब. दार उगडंच असतंय, पोती खाली टाकाया. लोकरीची बनेल, त्येच्यावर सदरा, त्येच्यावर सेटर, त्येच्यावर ओव्हरकोट. कानटोपी. कानात कापूस. पायात बूट, दोन मोजं घालून. आन समदं जमिनीवरच घालायचं. वर गेल्यावर हात चालत न्हाईत."

मी म्हणालो, "पेपरात विमानाचे फोटो येतात, लालासाहेब. त्यात माणसं साध्या सदऱ्यावर असतात."

"ते फोटू खाली काढल्यालं असत्यात," दादा म्हणाला.

सगळ्यांना हे पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं.

ओव्हरकोट दादाचाच होता. मिलिटरीचा, खाकी, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. लालासाहेब दादाच्या दीडपट, म्हणून चांदसाहेब शिंप्यानं बगला उसवून दोन पट्ट्या घातल्या. शालूबाईंसाठी आटपाडीची काळी घोंगडी आणली आणि चांदसाहेबानं तिचा गुडघ्यापर्यंतचा कोट शिवला, आत जांभळं मखमल लावून. चांदसाहेबानं जन्मात पहिल्यांदा घोंगडी कातरली. त्याची कात्री मोडली. सबंध गाव तो कोट बघून गेलं. शालूबाई तो घालून सोप्यात चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "मेंढरागत वाटतंय." लालासाहेबांनी त्यांना गप्प केलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी लालासाहेबांनी हुकूम सोडला: हवालदारांनी मुंबईपर्यंत बरोबर यायचं, कपडे नीट चढवून द्यायला. आणि इंग्रजी पाट्या वाचायला मास्तरांनी.

त्या संध्याकाळी बनुवैनीनं भाकरी बडवता बडवता दादाला सुनावलं. "आवं, अजून येळ हाय. सांगून टाका. त्या माऊलीला उकडून मारू नगा."

"सांगू काय? तेरा वर्सं गावाला फसीवलं म्हणून सांगू?" दादा म्हणाला. "पुढल्या पंधरा आगस्टाला झेंडा कोन वडंल मंग? आन न्हाव्याकडं मी जाऊ कुठल्या तोंडानं?"

त्याचं ताट तसंच राहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही गिळून मी पिशवी भरायला घरी गेलो.

रात्रीची एस.टी. शिरवळला चहाला थांबली तेव्हाच सदरे अंगाला चिकटले होते. सकाळी मुंबईत पोचलो, दादरला लालासाहेबांच्या ओळखीच्यांकडे आंघोळी केल्या आणि दहाच्या सुमाराला टॅक्सीनं सांताक्रूझला गेलो. ट्रंक विमानतळाच्या दाराशी उघडली. दादानं लालासाहेबांना एकेक कपडा चढवला, नवरदेवाला चढवावा तसा. शेवटी कानात कापूस घातला आणि कानटोपीचं बटण हनुवटीखाली लावलं.

मग आम्ही आत गेलो आणि मी बघितलं, दादानंही बघितलं. बुशकोट, पातळ मलमलचे झब्बे, बिनबाह्यांची पोलकी, नायलॉनच्या साड्या. एक बाई तर सपाता घालून निघाली होती. माणसं आमच्याकडे बघायची, पुढं जायची, आणि परत वळून बघायची. एक हमाल धावत चाकाची खुर्ची घेऊन आला.

"पेशंट हेच का?" त्यानं मला विचारलं.

कापसातूनही लालासाहेबांना ते ऐकू गेलं. "पेशंट न्हाई," ते गरजले. "डायरेक्टर हाय."

शालूबाई बाकावर बसल्या होत्या. चेहरा लाल झाला होता, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. आमच्याकडच्या बायका नवऱ्याच्या हौसेपायी काय काय सोसतात ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. दादाला ते बघवेना. त्यानं मला खांबाआड ओढलं.

"मास्तर, हितं तर समदी सदऱ्यावर हायती रं."

"मग सांग ना, दादा. चूक झाली म्हण. विमानं बदलली म्हण. काहीतरी म्हण. पण त्या बाईच्या अंगावरची घोंगडी उतरव."

त्यानं मान डोलावली. टोपी सारखी केली. लालासाहेबांपुढं जाऊन ताठ उभा राहिला, साहेबापुढं राहावं तसा. आता मूठ उघडते, असं मला वाटलं.

"लालासाब," तो म्हणाला.

लालासाहेबांच्या टोपीतून घामाची धार निघून मिशीत शिरत होती. "काय, हवालदार? ह्या लोकांस्नी थंडी वाजत न्हाई व्हय?"

दादानं एकदा शालूबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नवशिकी हायती ती. वर गेल्यावर कळंल त्येंस्नी," तो म्हणाला. "तुमी गळ्याजवळचं बटण लावा. वारा हितनंच शिरतोय."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते बटण लावलं. मला असा संताप आला की तिथंच ओरडावं. ओरडलो नाही. शाळेचं नवं छप्पर लालासाहेबांच्या सहीवर अडकलेलं होतं. माझ्या गप्प बसण्याला एवढंच कारण होतं आणि ते सांगायला मला अजून लाज वाटते.

पोचवायला आलेल्यांसाठी वर गच्ची होती. तिथून आम्ही बघितलं. बाराचं ऊन, तापलेला डांबरी पट्टा, आणि त्यावरून विमानाकडे चाललेली रंगीबेरंगी माणसं. त्यांत एक खाकी आणि एक काळा ठिपका, सगळ्यांच्या मागं. शिडीपाशी एक मुलगी हात जोडून उभी होती. ठिपके वर चढले. दार बंद झालं.

"दार लावलं की," दादा हळूच म्हणाला.

विमान पळत गेलं आणि उचललं. ते दिसेनासं होईपर्यंत दादा कठड्याला धरून उभा होता. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, आत बसायला बाकडी असत्यात का खुर्च्या?"

तेरा वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलला होता. माझा राग तिथल्या तिथं विरघळला.

"खुर्च्या असतात म्हणे, दादा. गादीच्या," मी म्हणालो.

नंतरचे आठ दिवस दादा न्हाव्याच्या दुकानाकडे फिरकला नाही. दाढी वाढली. नवव्या दिवशी बातमी आली की लालासाहेब आले. विमानानं नव्हे, गोव्याहून सरळ एस.टी.नं, पेठनाक्यावर उतरून. संध्याकाळी त्यांचा गडी बोलवायला आला. "हवालदार, बिगीनं चला. समदं गाव जमलंय."

दादानं दाढी केली, टोपी घातली आणि वैनीला म्हणाला, "येतो." लढाईला जाताना तरी असं म्हणाला होता की नाही कोण जाणे.

सोपा माणसांनी भरला होता. लालासाहेब मधोमध तक्क्याला टेकून बसलेले. गळ्यापासून छातीपर्यंत घामोळ्यांवर पावडर थापलेली. दादा उंबऱ्याशीच थांबला. लालासाहेबांनी त्याला बोटानं जवळ बोलावलं आणि दादा पाय ओढत पुढं गेला.

"सांगतो ऐका," लालासाहेब सगळ्यांकडे बघून म्हणाले. "आमी वर गेलो आन असा गारठा सुटला म्हनता! दातावर दात. बाकीची माणसं सदऱ्यावर आलती, त्येंचे हाल कुत्रं खाईना. समदी आमच्याकडंच बगत हुती. हवालदारांचा कोट नसता तर माझं पार लाकूड झालं असतं."

सोप्यातल्या माणसांनी दादाकडे बघितलं. कुणीतरी त्याला बसायला जागा केली. दादाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"वैनीसाब, तुमास्नीबी थंडी वाजली का वो?" न्हाव्यानं विचारलं.

शालूबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. "वाजली तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "लय वाजली. ह्यास्नी तर मी गोवा येईस्तोवर पदरानं वारा घालत हुते."

लोकांनी माना डोलावल्या. एकालाही काही खटकलं नाही. "आन परतीला इमान का न्हाई?" मी विचारलं. एवढं धाडस केलं.

"जागा न्हवती," लालासाहेब म्हणाले आणि गोव्याहून आणलेल्या काजूंचं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी दोन उचलले.

दादा घरी आला तो छाती काढून. "बगितलंस?" तो वैनीवर गरजला. "खोटं खोटं म्हनत हुतीस. एवढा मोठा मानूस सांगतोय चार लोकांत. गारठा असतोय म्हंजे असतोय. तुला काय म्हाईत, तू कवा बसलीयास इमानात?"

गडी येऊन ओव्हरकोट ठेवून गेला होता, गुंडाळलेला. वैनीनं तो उचलला, झटकला आणि दोरीवर पसरला. पाठीवर, बगलांत, गळ्याच्या बटणापाशी पांढरे पट्टे उठले होते. कापड वाळून कडक झालं होतं आणि वास असा की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"आवं, बगा की," वैनी म्हणाली. "किती घाम जिरलाय ह्यात. मीठ फुटलंय वर."

दादा जवळ गेला. त्यानं त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"घाम न्हवं," तो म्हणाला. "बर्फ हाय ते. वितळून वाळलंय." मग तो माझ्याकडे वळला. बाकडी का खुर्च्या असं विचारणारा तोच दादा, पण आता त्याच्या डोळ्यांत काही विचारणं नव्हतं, नुसता हुकूम होता. "काय, मास्तर?"

बर्फ, पाणी आणि वाफ मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. मीठ कसं मागं राहतं तेही वाटीत उन्हाला ठेवून दाखवतो.

"व्हय, दादा," मी म्हणालो. "बर्फच हाय."

वैनीनं आम्हा दोघांकडे एकदा बघितलं, कोट दोरीवरून ओढला आणि बादलीत बुडवला.