गोफण

ताईचं कपाळ जमिनीपासून एक मीटर बावन्न सेंटिमीटरवर होतं. उडी मारली की आणखी चाळीसेक सेंटिमीटर वर. धाकटीच्या हातांना ही उंची बारा वर्षं पाठ होती. चेंडू रेषेबाहेर गेला की ती तो दोन्ही हातांनी डोक्यामागे नेई, पाय जमिनीला रोवून आत फेकी, आणि चेंडू कितीही लांबून नेमका त्या उंचीवर उतरे. पुढचं काम, डोक्याने तो गोलात मारायचं, ताईचं. संघातल्या मुली धाकटीला गोफण म्हणत. फुटबॉलमध्ये अशा फेकीवर थेट गोल धरत नाहीत, त्यामुळे फलकावर नाव ताईचं लागे. धाकटीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. संघ ताईने उभा केला होता, तिलाही ताईनेच हाताला धरून मैदानावर आणलं होतं.

गेल्या वर्षी शेजारच्या मैदानावर भालाफेक शिकवणाऱ्या बाईंनी तिची एक फेक पाहिली आणि फार काही न विचारता तिच्या हातात भाला दिला. पहिले दोन महिने फजितीचे गेले. डावा हात सवयीने उजव्याच्या मदतीला वर जाई. ती खोड गेली, तरी भाला उंच जाईना. सपाट जाऊन पंचविसाव्या मीटरवर घसरत पडे. बाईंनी चारपाच फेकी पाहिल्या.

"तू कुणासाठी टाकतेस?"

तिला प्रश्नच कळला नाही.

"तिकडे डोकं पुढे करून कुणी उभं नाहीये, बयो. कुणी उभं राहूही नये. टाक खुशाल."

ती हसली. पुढचा भाला तेहतीस मीटरवर रुतला. टेप धरणाऱ्या मुलीला तिने तो आकडा दोनदा विचारला. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता.

ताईला तिने अर्धंच सांगितलं होतं: खांदा बळकट होतो म्हणून जाते. तेहतिसाचे चव्वेचाळीस झाले, निवड चाचणीची तारीख लागली, तरी अर्धंच. बाईंनी बजावलं होतं की दोन्हीकडे पाय ठेवणारीला शिकवायला आपल्याला वेळ नाही. उद्या सांगते, उद्या सांगते करत तिने तीन आठवडे काढले.

गुरुवारी सरावानंतर ताई कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून अंतिम सामन्याची यादी लिहीत होती. गोलकीपर बुटांचा चिखल झाडता झाडता म्हणाली, गोफणीला शनिवारी दोन घास जास्त घाला. सगळ्या हसल्या आणि पिशव्या उचलून निघाल्या. दोघीच उरल्या.

"माझा शेवटचा सीझन गं," ताई म्हणाली. "गुडघे बोलायला लागलेत. जाता जाता दोन गोल काढून दे मला."

धाकटीने पाण्याची बाटली खाली ठेवली. "ताई, माझं नाव लिहू नकोस. शनिवारी मी भाल्याच्या चाचणीला जातेय."

ताईने मान वर केली नाही. पेन मात्र थांबलं.

"सकाळी नऊला आहे ती. चौकशी केलीय मी. आपली मॅच चारला. आरामात पोचशील."

म्हणजे ताईला ठाऊक होतं. तिने वाटही काढून ठेवली होती, आणि ती वाट सोपी होती. धाकटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चारलाही नाही येणार, ताई. मी फुटबॉल सोडला."