पाव्हणीचा गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. पोट गोल, गळा आखूड, काठ जरा बाहेर वळलेला. पुण्याकडची माणसे मला तांब्या म्हणतात. अंगात सगळे पितळ असून तांब्या म्हणवून घ्यायचे, याचे मला थोडे वाईट वाटते. पण मित्रांनो, मी तक्रार करणाऱ्यांपैकी नाही. निदान सुरुवातीलाच तरी नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासाराने मला इतके ठोकले की आजही कुणी नीट हात फिरवला तर ते ठोके बोटांना लागतात. तिथून मी मोहाडीच्या बाजारात आलो आणि तिथे चिंधूने मला उचलले. चिंधू लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करणारा मजूर. नुकताच धम्मदीक्षा घेऊन आला होता. लहानपणी त्याला लोकांच्या दारात ओंजळ करून पाणी प्यावे लागे. देणारा वरून ओतायचा, अर्धे कोपरावरून खाली जायचे आणि तहान तशीच राहायची. मजुरीचे पैसे हातात आल्यावर त्याने पहिली वस्तू घेतली ती मी. घरी येऊन त्याने बायकोला सांगितले, "आपल्या दारात जो येईन, त्याच्या हातात गडवा द्याचा. वरून ओताचा नाही. त्याचं थो पेईन." तो त्या घरचा कायदा झाला. पाहुणा आला की आधी मी, मग ख्यालीखुशाली.

पुढे चिंधूची सून विमलाबाई घरात आली आणि तिने हा कायदा सासऱ्यापेक्षा कडक चालवला. माझी ती चांगली वर्षे. चिंचेने घासून ती मला असे लख्ख ठेवी की पाहुणे माझ्यात पाहून मिशा नीट करायचे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि अर्धे सोयरे एका दिवसात परजिल्ह्याचे झाले, तरी पाणी माझ्यातूनच प्यायले.

मग विमलाबाईचा मुलगा अश्विन जवाहरनगरच्या कारखान्यात लागला, त्याला क्वार्टर मिळाले आणि आम्ही सगळे तिथे राहायला आलो. त्याची बायको प्रतिक्षा स्वभावाने गुणी. पण तिने ट्रे आणला, काचेचे ग्लास आणले आणि मला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, बंद पडलेल्या मिक्सरशेजारी बसवले. मी काळा पडलो. मिक्सरशी बोलून पाहिले, पण त्याला स्वतःच्या मोटारीशिवाय विषय नव्हता. एक मात्र खरे, त्या फळीवरून सगळे क्वार्टर दिसायचे. स्वयंपाकघर, पुढची खोली, उघडे दार आणि दारापलीकडचा रस्ता. म्हणूनच मितूची सगळी हकिगत मला सांगता येते.

मितू म्हणजे अश्विन-प्रतिक्षाची संघमित्रा. वय अडीच. आवाज मात्र पंचायतीच्या भोंग्याएवढा. या मितूचे पोट अडले.

हसू नका. एकदा तिला शी होताना फार दुखले, आणि तिने मनाशी ठरवले की आता हे काम करायचेच नाही. कळ आली की ती कूलरच्या मागे जाई, चवड्यांवर उभी राही, तोंड लालबुंद करी आणि कळ परतवून लावी. लढाई जिंकल्यासारखी बाहेर येई. रात्री मात्र पोट धरून रडे, आणि तिच्यासोबत प्रतिक्षाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पुड्या दिल्या. रोज एक पुडी पाण्यात विरघळवून पाजायची, आणि दिवसभर भरपूर पाणी. साबणाची वडी नाही, एरंडेल नाही, मनाने काही करायचे नाही. हे ऐकताना विमलाबाईने एरंडेलाची बाटली पदराखाली घेतली, असे प्रतिक्षाने नंतर अश्विनला हळूच सांगितले. डॉक्टरीणबाईंनी शेवटी बजावले होते, की दोन-तीन दिवसांत मोकळी झाली नाही तर घेऊन या, मग खालून औषध द्यावे लागेल. हे शब्द प्रतिक्षाच्या काळजात रुतले. आधीच शीला घाबरलेली पोर, तिला चार जणांनी धरून तसले काही केले तर ती कूलरच्या मागून कधी बाहेरच येणार नाही, असे तिला वाटे.

तेव्हा पुडी पोटात जायला हवी होती. कशी, एवढाच प्रश्न होता.

पुडी दुधात गेली. मितूने दूध सोडले. पुडी वरणाच्या पाण्यात गेली. मितूने वरण सोडले. पुडीला चव नव्हती हो, वासही नव्हता. पण ज्या घोटाकडे घरातली सगळी मोठी माणसे टक लावून बघतात आणि "काही नाही याच्यात" असे म्हणतात, त्याच्यात काहीतरी आहे, हे कळायला अडीच वर्षे पुरतात. मग अश्विनने हात धरले, विमलाबाईने टाळ्या वाजवल्या आणि प्रतिक्षाने चमचा घातला. सगळे औषध भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेले. त्या दिवसापासून मितूने साधे पाणीही सोडले. चोखायची गुलाबी बाटली दिसली तरी दोन्ही हात तोंडावर.

ही बातमी घरात राहिली असती तर एक वेळ चालले असते. पण क्वार्टरच्या भिंती त्या केवढ्या. शेजारच्या सुलोचनाबाई सकाळी कुंपणावरून विचारत, "झाली काय जी?" दूधवाला विचारी. कारखान्यात फोन नेता येत नसे, त्यामुळे अश्विनचा जीव दिवसभर टांगणीला. संध्याकाळी कारखान्याची बस समोर थांबली की तो पायरीवरूनच भुवई उडवी. प्रतिक्षा ओसरीतून मान हलवी. आणि बसच्या खिडकीतली पंधरावीस माणसे एकदम सुस्कारा टाकत.

"मले त कामात लक्षच लागत नाही," अश्विन म्हणाला. "फोरमनसाहेब बी विचारून राहिले."

"मग फोरमनसाहेबांनाच पाजू दे पुडी," प्रतिक्षा म्हणाली आणि आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची मुदत संपत होती.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी एकोडीहून विमलाबाईचा भाऊ अंकुश आला. सोबत लाखोळीच्या डाळीची पिशवी, खांद्यावर दुपट्टा. प्रतिक्षाने ट्रेमध्ये ग्लास ठेवला. विमलाबाईने तो पाहिला.

"माह्या भावाले काचाच्या गिलासात पानी?"

"मग कशात देऊ आई?"

विमलाबाईने बोट वर केले. बोट माझ्याकडे होते. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. मला खाली उतरवले, चिंचेने खसाखसा घासले आणि गार पाण्याने भरले. मी मिक्सरकडे वळूनही पाहिले नाही.

अंकुशने चपला काढल्या, दिवाणावर बैठक मारली, दुपट्ट्याने मिशा पुसल्या. "आना बाई," म्हणत मला दोन्ही हातांनी घेतले आणि दमादमाने रिकामे केले. "जीव सुकला होता," तो म्हणाला.

कूलरच्या मागून दोन डोळे हे सगळे बघत होते. अंकुशचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. त्याला भंडाऱ्याला काम होते. जेवून तो निघाला तेव्हा विमलाबाई दारापर्यंत गेली.

"येजा हो भाऊ. असेच येत राहजा."

"येतो बाई."

तो वळणापलीकडे गेला आणि घरात परत पुडीची चिंता सुरू झाली. एवढ्यात दारावर थाप पडली, पण फार खालच्या बाजूला.

"कोन?" विमलाबाईने सवयीने विचारले.

"पाव्हने."

दारात मितू. पायात बापाच्या चपला, हातात भाजीची पिशवी, खांद्यावर आईची ओढणी. ओढणी अर्धी जमिनीवर लोळत होती. प्रतिक्षा गुलाबी बाटली आणायला धावली, तर विमलाबाईने तिचा हात धरला.

"पाव्हन्याले कोनी बाटली चोखाले देते काय?" आणि दाराकडे वळून म्हणाली, "या जी पाव्हने. बसा. धूप लय होती काय रस्त्यात?"

मितू चपला काढून दिवाणावर चढली. त्यात एकदा घसरली, पण पाहुण्याने घसरल्याचे दाखवायचे नसते. ओढणीने नसलेल्या मिशा पुसल्या. विमलाबाईने मला थोडेसेच भरले आणि चिंधूच्या कायद्याप्रमाणे तिच्या हातात दिले. माझे वजन त्या पोरीला कसे पेलणार, याची मलाच धास्ती. पण तिने मला छातीशी धरले, काठाला तोंड लावले आणि प्यायली. निम्मे फ्रॉकवर गेले, निम्मे पोटात.

"जीव सुकला व्हता," ती म्हणाली.

मग उठली, चपला घातल्या, "येतो बाई" म्हणून बाहेर गेली आणि लगेच परत दार वाजले. त्या दुपारी आमच्याकडे इतके पाहुणे आले की फरशीवर पाणीच पाणी झाले आणि विमलाबाईचे गुडघे बोलू लागले. सुलोचनाबाईंनी कुंपणावरून विचारले, "कोन आलं जी येवढं?"

आता प्रतिक्षाने पुडी काढली. पाठ फिरवून ती गुपचूप माझ्यात टाकणार, तोच सासू हलकेच म्हणाली, "सांगून टाक माय. पाव्हन्याले फसवून पाजलं, त थो त्या घरचं पानी पुन्हा घेत नाही."

"आई, सांगितलं तर ती पेणारच नाही. उद्या न्यावं लागेल तिला."

"नाही पेईन त नाही पेईन. पन तिच्या हातात दे."

प्रतिक्षाने मला आधी रिकामे केले. तिने डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेवढेच पाणी घेतले, पुडी त्यात सर्वांसमक्ष टाकली आणि ढवळली. मग दिवाणापुढे गुडघ्यांवर बसली.

"पाव्हणे, याच्यात औषध आहे. पोट दुखू नये म्हणून. घेता काय?"

मितूने माझ्यात डोकावून पाहिले. तिचा गोल चेहरा मला तळापर्यंत दिसला. ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जायचे तो चिंधू मला आठवला. वाटले, आज ही पोर मला ढकलून देते की काय. ढकलले असते तरी मला राग आला नसता. तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारले होते.

"आना बाई," मितू म्हणाली.

ती तळ दिसेपर्यंत प्यायली. प्रतिक्षाने तोंड फिरवून डोळे पुसले.

पुडीने लगेच चमत्कार केला नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिक्षाने डॉक्टरीणबाईंना फोन केला. पोर औषध आणि पाणी दोन्ही घेते आहे, हे ऐकून त्यांनी आणखी एक दिवस दिला. पाहुणे येत राहिले, पुडीही सांगूनसवरून जात राहिली. मितूला जेवणानंतर पॉटवर बसवत, पायाखाली पाट देत. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळलेल्या. शेवटी विमलाबाईने फर्मान काढले, "भिंतीकडे तोंड करा."

तेव्हा घरात सासूसून दोघीच होत्या. दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समोर तेच औषध उडालेले कॅलेंडर. मला तोंड फिरवता येत नाही, म्हणून मी मिक्सरबद्दल विचार करीत राहिलो.

बराच वेळ गेला. मग एक लहानसा आवाज झाला. मग एक मोठा.

कुणी वळले नाही. मितू उठली, तिने वाकून पॉटमध्ये नीट निरखून पाहिले, आणि आजीच्या सुरात, मान एका बाजूला कलती करून म्हणाली, "येजा हो. असेच येत राहजा."

प्रतिक्षा भिंतीला डोके टेकून हसू लागली आणि हसताहसता तिला रडू आले. विमलाबाई मटकन खाली बसली, ती गुडघ्यांमुळे की आनंदाने, ते तिने सांगितले नाही.

संध्याकाळी बस थांबली. अश्विनने पायरीवरून भुवई उडवली. ओसरीत प्रतिक्षा नव्हती, मितू होती. तिने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले, होते नव्हते तेवढे पाणी स्वतःच्या अंगावर सांडले आणि भोंग्याच्या आवाजात सांगितले, "पाव्हने गेले." बसला काही कळले नाही, पण अश्विनला कळले. त्याने वळून बसमधल्या माणसांना नुसती मान डोलावली, आणि ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. असा मान भंडाऱ्याच्या दुसऱ्या कोणत्या गडव्याला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

आता मितू शाळेत जाते. तिच्या दप्तरात प्लास्टिकची बाटली असते आणि तिच्यावर माझा राग नाही, फार नाही. मी खालच्या फळीवर राहतो, मितूचा हात पोचेल अशा जागी. शाळेतून आली की ती दार वाजवते आणि अजूनही "पाव्हने" असे सांगते. विमलाबाईला आता उठवत नाही. म्हणून मितूच आत येते, मला भरते आणि आधी आजीच्या हातात देते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी लहान असेल, कुणी म्हातारे असेल, कुणी औषधाला तोंड फिरवीत असेल, तर त्याच्या तोंडात ओतू नका. पाण्यात काय आहे ते सांगा आणि गडवा त्याच्या हातात द्या. थोडे सांडेल. सांडू द्या, फरशी पुसता येते. आणि पुसून झाली की जरा चिंच घ्या आणि मलाही घासा. पाहुणे कधी येतील, सांगता येत नाही.